मोड

साईराजने मटण सोडलं त्याला अकरा महिने झाले.
कुणा बुवाच्या नादी लागून नाही.
मुस्तकीमभाईच्या चिकन सेंटरवर कामाला होता दोन महिने,
सकाळी सात ते अकरा, पिंप धुवायचं काम.
एका रविवारी घरी आला, हात तीनदा धुतले,
आणि ताटातली रश्श्याची वाटी माझ्याकडे सरकवली.
काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

आमच्या सात पिढ्यांत बांगड्याला कुणी नाही म्हटलेलं नाही.
सोमवार, संकष्टी, श्रावण, तेवढं पाळायचं.
त्यात पोराला पोलिसात भरती व्हायचंय:
सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळा.
गेल्या खेपेला गोळा चार बोटं अलीकडे पडला.
घाग सर म्हणाले, वहिनी, रोज सहा अंडी, पाव किलो चिकन.
म्हटलं, तो खात नाही.
मग पावडरचा डबा घ्या.
डबा तीन हजार दोनशेचा, महिन्याभरात तळ दिसतो.
आमचं लाइटबिल, गॅस आणि दूध मिळून तेवढं होत नाही.

म्हणून खिमजीच्या दुकानात उभी राहिले,
भांडुपला वीस वर्षं काढून पोत्यांवरचे पुठ्ठे
पहिल्यांदा नीट वाचत.
मसूर. चवळी. हुलगे, म्हणजे आपले कुळीथ,
गावाहून फुकट यायचे, सासू होती तोवर.
हरभरा सगळ्यात परवडणारा.
शेंगदाणे फुटके घेतले तर वीस रुपयांनी उतरतात.
सोयाबीनच्या वड्या दाबून बघितल्या, थर्माकोल,
पण पुडीच्या मागे छापलंय: शंभरात बावन्न.
खिमजी म्हणाला, भाभी, परीक्षा तुझी की पोराची?

आकडे गॅसच्या पावतीमागे लिहून ठेवलेत.
कारखान्यात शर्टाला बाह्या जोडताना बेरीज चालू असते,
मटकी एक मूठ बारा, दही वाटीभर पाच,
कुळथाची पिठी नऊ धरू,
शेंगदाण्याची चटणी धरत नाही, ती जिभेसाठी.
सुपरवायझर म्हणते, ओठ काय हलवतेस, जप करतेस का?

वड्या पहिल्यांदा रश्श्यात टाकल्या, तिखट वाटण लावून.
दोन घास खाल्ले त्याने.
आई, हे मटणासारखं लागतंय.
आणि उठला.
दुसऱ्या दिवशी कुस्करून पोह्यांत घातल्या.
कळलं नाही. किंवा कळू दिलं नाही.

त्याचे वडील ताटाकडे बघून म्हणतात, घोड्याचा खुराक.
गेल्या भरतीपासून पोराला ते नावाने हाक मारत नाहीत.
गणंग म्हणतात.

रात्री मटकी फडक्यात बांधून नळाला लटकवते.
एक थेंब पडतो, मग बराच वेळ काही नाही.
सकाळी नाक्यावरची म्हातारी भाजीवाली
पन्नासची नोट उलटसुलट करून विचारते, मोड हाय का गो?
हसू येतं मला.
घरात दुसरं आहे काय.

पण प्रत्येक मुठीत चार-पाच दाणे असे निघतातच,
भिजत नाहीत, फुगत नाहीत,
दाताखाली आले तर डोळ्यांपुढे तारे.
ते वेचते. टाकत नाही.
काचेच्या पेल्यात वेगळं कोमट पाणी घालून
ओट्याच्या कोपऱ्यात ठेवते आणखी एक रात्र.
यांना सांगितलेलं नाही.

साडेचारला तो बूट चढवतो, खिशात फुटाणे.
जिन्यावरचा आवाज खाली विरला
की दिवा न लावता मी पेला उचलते,
पॅसेजच्या उजेडात धरते.
पाचातला एक जरासा फुगलाय.
की काचेतून तसा दिसतोय.